कॉफीचं ऑपरेशन झालंय, पण कागद कुठाय?

पत्र असं आहे:

"नमस्कार. मी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहते. घरात आम्ही दोघं, दोन मुली, सासूबाई आणि जूनपासून कॉफी. कॉफी म्हणजे चार वर्षांची लॅब (लॅब्रडॉर) कुत्री, बिस्किटी रंगाची. ती खरं तर माझ्या मोठ्या नणंदेची. ताई गंगापूर रोडला राहायच्या. त्यांच्या यजमानांची बदली बंगळुरूला झाली, तिथल्या घरमालकाला कुत्रं चालत नाही, म्हणून कॉफी आमच्याकडे आली. देताना ताई म्हणाल्या, 'लस, ऑपरेशन, सगळं झालेलं आहे, काळजी करू नकोस.' लसीचं पुस्तक दिलं. ऑपरेशनचा कागद मात्र त्यात नाही.

गणपतीत आमच्या गेटबाहेर चार-पाच कुत्रे ठाण मांडून बसले होते. गौरी जेवल्या त्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत दार उघडं राहिलं आणि कॉफी वीस-पंचवीस मिनिटं खाली पार्किंगमध्ये एकटीच होती. त्या आठवड्यात फरशीवर दोन-तीन गुलाबी डाग दिसले, पण घरभर गुलाल सांडलेला, त्यामुळे कोण काय सांगणार!

आता सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली आहे: निर्बीजीकरणाचा दाखला आठ दिवसांत द्या, नाहीतर कुत्र्याला लिफ्ट बंद. दिवाळीत आम्ही सगळे ताईंकडे बंगळुरूला जाणार आहोत, भाऊबीज तिथेच. कॉफीला बोर्डिंगमध्ये ठेवायचं, तर तेही दाखला मागतात. ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, 'तुमच्या ताई म्हणतात ना झालंय? मग मागची तारीख टाकून देतो लिहून.' मिस्टर म्हणतात, घेऊन टाक. सासूबाई म्हणतात, 'आपल्याच लेकीकडे कागद मागायचे का?' मी काय करू?

— एक सून, पाथर्डी फाटा"

सूनबाई,

सही तुम्हीच तशी केलीत म्हणून तशी हाक मारतो. पहिलं उत्तर एका शब्दात देतो: मागच्या तारखेचा कागद घेऊ नका. डॉक्टर भले असतील, मिस्टरांनाही घरातली कटकट मिटवायची असेल, तरी नको. कायद्याचं मी पुढे सांगेन, पण माझं खरं कारण वेगळं आहे आणि ते सांगायला मला थोडी स्वतःची लाज काढावी लागेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे ठमी नावाची कुत्री आली, तीन वर्षांची. देणारे म्हणाले, "झालंय सगळं." मी दवाखान्यात पहिल्यांदा नेलं तेव्हा कंपाउंडरने विचारलं, स्पे, म्हणजे निर्बीजीकरण, केलंय का, आणि मी ऐटीत म्हणालो, हो. फाईलवर लाल शाईने 'स्पेड' असं लिहिलं गेलं. त्या दोन अक्षरांमागे ना कागद, ना तपासणी, फक्त माझा आत्मविश्वास. ठमी नऊ वर्षांची झाली तेव्हा एकदा पाणी फार प्यायला लागली, जेवण सोडलं, उलट्या झाल्या. डॉक्टरांनी फाईल पाहिली आणि किडनी, साखर, पोटाचा संसर्ग, सगळं तपासलं. चार दिवस सलाईन. पाचव्या दिवशी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फाईल बाजूला ठेवून सोनोग्राफीचा प्रोब लावला. गर्भाशय पुवाने तट्ट फुगलेलं. ज्या कुत्रीला गर्भाशय नाही असं फाईल सांगत होती, तिच्या! रात्री ऑपरेशन झालं, ठमी वाचली. पण ते चार दिवस मी वाया घालवले होते. डॉक्टरांनी नव्हे.

या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. ऑपरेशन न झालेल्या, वय वाढलेल्या माद्यांना होतो, आणि बहुतेक वेळा माजावर येऊन गेल्यानंतर चार ते आठ आठवड्यांत. कधी मागून पू येतो, तेव्हा निदान तरी होतं. गर्भाशयाचं तोंड बंद राहिलं तर बाहेर काहीच दिसत नाही, कुत्री फक्त सुस्त होते आणि पाण्याचं भांडं रिकामं करते. अशा वेळी दवाखान्यात अनोळखी डॉक्टर असणार, रात्रीची वेळ असणार, आणि त्यांच्या हातात तुमचा तो मागच्या तारखेचा कागद असणार. तो कागद सेक्रेटरींना गप्प करेल, पण त्या डॉक्टरांनाही चुकीच्या रस्त्याला लावेल. म्हणून नको.

आता तुमची तारीख बघू. गणपती बसले त्या आठवड्यात कुत्रे जमले, म्हणजे भाद्रपद. भाद्रपद आणि कुत्री यांचं नातं मराठी माणसाला सांगायची गरज नाही, आणि सांगितलं तर सासूबाई माझं सदर वाचणं बंद करतील. लॅबसारख्या घरातल्या कुत्र्या साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येतात, त्यांना पंचांगाचं बंधन फारसं नसतं. पण पांडवलेण्यांकडून उतरून तुमच्या गेटवर आलेल्या मंडळींना असतं, आणि ते उगाच बसत नाहीत. नाही म्हणायला मूत्रमार्गाचा किंवा योनीचा संसर्ग झाला, तरी वासावर नर येतात. गुलाबी डाग मात्र मला गुलालाचे वाटत नाहीत.

तेव्हा शक्यता तीन. पहिली, ऑपरेशन नीट झालंय आणि कॉफीला साधा संसर्ग आहे. दुसरी, ऑपरेशन झालं पण बीजाशयाचा, म्हणजे ओव्हरीचा, एखादा तुकडा आत राहून गेला; असं होतं, आणि अशी कुत्री ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, पुन्हा माजाची लक्षणं दाखवते. तिसरी शक्यता जरा नाजूक आहे. आपल्याकडे 'ऑपरेशन' हा शब्द फार सैल वापरतात. महापालिका निर्बीजीकरण म्हणते, आपण नसबंदी म्हणतो, डॉक्टर स्पे म्हणतात. यातला 'नसबंदी' हा शब्द कुत्रीच्या बाबतीत चुकीचाच आहे, कारण नुसती नळी बांधून सोडत नाहीत. सहसा दोन्ही बीजाशयं आणि गर्भाशय काढूनच टाकतात. आणि काही जण माज थांबवण्याचं इंजेक्शन देऊन आणतात, त्यालाही घरात 'ते झालंय तिचं' असंच म्हणतात. त्या इंजेक्शनचा परिणाम काही महिने राहतो, मग उतरतो. वर त्याने पायोमेट्रा आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो. कॉफी जूनमध्ये तुमच्याकडे आली, तिचं नियमित इंजेक्शन चालू असेल तर ते तेव्हा थांबलं, आणि भाद्रपदात ती माजावर आली, असं झालं असेल तर ताई खोटं बोललेल्या नाहीत. त्यांच्या लेखी ते झालेलंच होतं. मी हे ठामपणे म्हणत नाहीये. पण ताईंना विचारताना ही शक्यता मनात ठेवा, म्हणजे तुमच्या आवाजात आरोप येणार नाही.

विचारावं कोणी? तुम्ही नाही, तुमच्या मिस्टरांनी. बहीण त्यांची आहे. भावाने बहिणीला विचारलं की ती चौकशी असते आणि वहिनीने विचारलं की झडती होते, हे तुम्हाला मी काय सांगू. सासूबाईंना एवढंच सांगा की सख्ख्या भावांतसुद्धा सातबाऱ्यावर नाव लावून घेतात, आणि त्याने प्रेम कमी होत नाही. प्रश्न 'खरंच केलं होतं का?' असा अजिबात नको. असा काहीसा मेसेज पाठवायला सांगा:

"ताई, कॉफीची इथल्या डॉक्टरांकडे नवीन फाईल करतोय. ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात झालं होतं आणि साधारण कधी? टाके काढायला परत नेलं होतं का? त्यानंतर कधी हीटवर आली होती का, किंवा मध्ये कधी इंजेक्शन दिलं होतं का? सोडताना दिलेला कागद किंवा बिल सापडलं तर फोटो पाठव."

यातला टाक्यांचा प्रश्न मी मुद्दाम घातला. इंजेक्शनला टाके नसतात. आणि ज्याने ऑपरेशन करून आणलंय त्याला ते दहा-बारा दिवस विसरता येत नाहीत. गळ्यात तो प्लॅस्टिकचा कर्णा, दाराच्या चौकटीला धडकणारी कुत्री, रात्रभर चाटू नये म्हणून पाळतीवर बसलेलं घर. त्या दिवसांचा एखादा फोटो ताईंच्या फोनमध्ये नक्की असेल. फोटोवर तारीख असते. दवाखान्याला यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तो दिवस सापडेल, आणि तो दिवस हातात घेऊन नाशिकच्याच त्या दवाखान्यात गेलात तर त्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद सापडण्याची बरीच आशा आहे. मूळ नोंदीवरून त्या डॉक्टरांनी आज दिलेली दुसरी प्रत, ही सगळ्यांत उत्तम गोष्ट. त्यावर आजची तारीख आणि ऑपरेशनची जुनी तारीख, दोन्ही असतात. मागची तारीख टाकणं आणि जुनी तारीख नोंदवणं यात हा फरक आहे.

लसीचं पुस्तकही पुन्हा उघडा. लसीच्या बाटलीची स्टिकरं चिकटवलेली असतात ती पानं सोडून शेवटची पानं पाहा. जंतांचं औषध, वजन, 'टाके काढले' अशा नोंदी डॉक्टर तिथे कोपऱ्यात खरडून ठेवतात.

ताईंचं उत्तर येईपर्यंत थांबू नका. कारण एका बाबतीत वेळ तुमच्या बाजूने आहे, आणि तो फार दिवस राहणार नाही.

चार वर्षांच्या मादीचं ऑपरेशन झालंय की नाही हे बाहेरून ओळखणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. पोटावरचे केस भादरून किंवा स्पिरिटने ओले करून बेंबीच्या खाली मध्यरेषेवर व्रण शोधतात. काही डॉक्टर कुशीतून ऑपरेशन करतात, म्हणून तिथेही पाहतात. पण लहान वयात केलेला बारीक छेद चार वर्षांत दिसेनासा होऊ शकतो, आणि दिसलेला व्रण सिझेरियनचा किंवा हर्नियाचाही असू शकतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाला निर्बीजीकरणानंतर खाच पाडतात, ती लांबून दिसते. घरच्या लॅबचा कान कोण कापतंय! सोनोग्राफीचंही एकतर्फी आहे. गर्भाशय आणि अख्खी बीजाशयं दिसली, तर ऑपरेशन झालेलं नाही हे नक्की. नाही दिसलं, तर मात्र 'झालंय' असं म्हणता येत नाही, कारण रिकामं गर्भाशय आतड्यांमध्ये सहज लपतं.

रक्त मात्र लपवत नाही. कुत्री माजावर येऊन गेली की पुढचे साधारण दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढलेलं राहतं, गाभण असो वा नसो. हे कुत्र्यांचं वैशिष्ट्य. म्हणजे गणपतीत कॉफी खरोखर माजावर आली असेल, तर आत्ता, घट बसायच्या तोंडावर, तिच्या रक्तात ते भरपूर सापडेल. आणि सापडलं तर तिच्या पोटात काम करणारं बीजाशय आहे, अख्खं किंवा तुकडा. तुमच्या डॉक्टरांनी रक्त काढून दिलं की ही तपासणी माणसांच्या लॅबमध्येही करून घेतात. दिवाळी उलटून गेल्यावर हीच तपासणी केलीत तर आकडा उतरलेला असेल आणि तुम्ही पुन्हा अंधारात. म्हणून याच आठवड्यात करा.

प्रोजेस्टेरॉन कमी आलं, तर गणपतीतला प्रकार माज नव्हता एवढं कळलं. ऑपरेशन झालंय हे त्याने सिद्ध होत नाही. त्यासाठी एएमएच नावाची दुसरी रक्ततपासणी आहे. हे संप्रेरक मादीत बीजाशयातूनच येतं, माजाची वेळ असो नसो. वयात आलेल्या मादीत ते सापडलंच नाही तर बीजाशय नाही असं डॉक्टर बऱ्याच खात्रीने म्हणू शकतात. एवढ्यासाठी कॉफीचं पोट उघडून बघायचं कोणी सुचवलं, तर आधी या दोन तपासण्या मागा.

सोनोग्राफी तरीही कराच, पण दुसऱ्या कारणासाठी. गौरी जेवल्या त्या दिवसाची ती वीस-पंचवीस मिनिटं. तेवढा वेळ पुरतो, सूनबाई. गाभण आहे का हे सोनोग्राफीत साधारण पंचवीस दिवसांनंतर खात्रीने कळतं, म्हणजे तुमच्या हिशेबाने सहाव्या-सातव्या माळेच्या सुमारास. कुत्रीचे दिवस सरासरी ६३. गौरीपूजनापासून मोजलंत तर कार्तिकी एकादशीच्या आगेमागे पिल्लं. तसं निघालंच, तर पुढे काय करायचं हे डॉक्टरांशी त्याच दिवशी बसून ठरवा. तिथे आठवडाभर विचार करत राहणं कुत्रीला महागात पडतं.

गाभण नसेल आणि बीजाशय असेल, तर दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत पाण्याच्या भांड्यावर लक्ष ठेवा. का ते ठमीच्या गोष्टीत आलंच आहे. रोज किती पाणी भरता ते मुलींना वहीत लिहायला सांगा, त्यांना कामही होईल. ऑपरेशन माजानंतर लगेच करत नाहीत, कारण तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. दोन-तीन महिने थांबून, म्हणजे मार्गशीर्षात, करून घ्या. त्याआधी रक्ताची तपासणी करा आणि त्यात प्लेटलेट नीट पाहायला सांगा. आपल्याकडे गोचीड ताप फार, आणि वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्रीच्याही प्लेटलेट उतरलेल्या असतात. टेबलावर रक्त थांबेना झालं की मग कळतं.

मग येतो कागद. तो कसा असावा, याबद्दल मी जरा हट्टी आहे. वर डॉक्टरांचं नाव, त्यांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. कुत्रीचं नाव, जात, लिंग, रंग, वय, अंगावरची खूण. मालक म्हणून तुमचं नाव, ताईंचं नाही. हे लोक विसरतात आणि मग महापालिकेच्या परवान्यावर एक नाव, दाखल्यावर दुसरं. ऑपरेशन त्याच डॉक्टरांनी केलं असेल तर काय काढलं हे शब्दांत लिहिलेलं असावं: दोन्ही बीजाशयं आणि गर्भाशय. नुसतं 'स्पे केले' पुरत नाही, कारण काही डॉक्टर फक्त बीजाशयं काढतात आणि तेही चालतं, पण पुढच्या डॉक्टरांना ते माहीत असायला हवं.

आणि डॉक्टरांनी ऑपरेशन केलेलंच नसेल, पण तपासणीतून ते झालेलं दिसत असेल, तर त्यांना खरं लिहूनही तुमचं काम भागवता येतं. तुमच्या त्या ओळखीच्या डॉक्टरांना हा मजकूर दाखवा: "आज दिनांक अमुक रोजी मी या मादीची तपासणी केली. पोटाच्या मध्यरेषेवर जुना व्रण आढळला. रक्तातील एएमएच आढळले नाही. यावरून हिचे निर्बीजीकरण पूर्वी झालेले असल्याचे माझे मत आहे. शस्त्रक्रिया मी केलेली नाही." त्यांची मान यात कुठेच अडकत नाही. मागच्या तारखेच्या कागदात अडकते: पशुवैद्यकाच्या दाखल्यावर सही करण्याचा अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकांना दिला आहे, आणि आपल्या राज्याच्या परिषदेकडे, नागपूरला, कोणी तक्रार केली तर उत्तर त्यांना द्यावं लागेल. तुमच्यावरचा लोभ त्यांना तिथे उपयोगी पडणार नाही.

एक खर्च सुचवतो: मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने सोडतात. त्यात नाव-पत्ता काही नसतो, फक्त १५ अंकी क्रमांक. तो क्रमांक दाखल्यावर लिहिला की कागद आणि कुत्री एकमेकांना बांधले जातात. नाहीतर बिस्किटी रंगाच्या चार वर्षांच्या लॅब माद्या इंदिरानगरपासून म्हसरूळपर्यंत किती निघतील! 'हा कागद हिचाच कशावरून?' असं सेक्रेटरींनी विचारलं तर तुमच्याकडे आज उत्तर नाही.

सेक्रेटरींवरून आठवलं. त्यांची नोटीस मी फार मनाला लावून घेणार नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची आणि लसीकरणाची जबाबदारी मालकावर टाकली आहे, हेही खरं. पण जबाबदारी मालकाची म्हणजे अधिकार सेक्रेटरींचा, असं होत नाही. २२ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाच्या बातम्या वाचून बरेच सेक्रेटरी अंगात आल्यासारखे नोटिसा काढतायत. तो आदेश रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या कॉफीबद्दल नाही.

तरी भांडू नका. रेबीजच्या लसीच्या चालू वर्षाच्या नोंदीची प्रत द्या, कारण शेजाऱ्यांना हक्काने विचारता येईल अशी खरी गोष्ट तीच आहे. महापालिकेचा परवाना अजून ताईंच्या नावावर असेल तर आपल्या नावाने करून घ्या आणि त्याची प्रत जोडा. सोबत दोन ओळी: कॉफीच्या निर्बीजीकरणाबाबत वैद्यकीय तपासणी सुरू आहे, अहवाल आल्यावर कळवू. आठ दिवसांची मुदत तिथेच विरघळते. गेटवरची कुत्र्यांची जत्रा त्यांनीही पाहिलेली आहे, त्यामुळे त्यांचा त्रागा अगदीच हवेतला नाही, हे मनातल्या मनात मान्य करा.

बोर्डिंगवाल्यांचं मात्र मला पटतं. माजावरची एक मादी आली की सगळे नर जेवण सोडून रात्रभर रडतात, जाळ्या कुरतडतात. त्यांना आजच फोन करून खरं सांगा: कागद नाही, गणपतीत माजावर आली असावी, तपासणी चालू आहे. भाद्रपदात माज होऊन गेला असेल तर दिवाळीत ती पुन्हा माजावर येणार नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त चांगलं कळतं. वेगळा कप्पा देऊन ठेवून घेतील. खोटा कागद दाखवून ठेवलीत आणि तिथे काही झालं, तर पुन्हा कधी दारात उभं करणार नाहीत.

जाता जाता नरांबद्दल, कारण तुमच्या मजल्यावर एक बॉक्सर आहे असं तुम्ही ताजा कलममध्ये लिहिलंय. नराचं सोपं वाटतं: अंडकोश रिकामा म्हणजे झालं. पण काही नरांचे वृषण पोटातच राहतात, खाली उतरतच नाहीत. असा कुत्रा बाहेरून ऑपरेशन झालेला दिसतो, आणि पोटातल्या वृषणाला गाठ होण्याचा धोका उलट जास्त. आणि ज्याचं खरंच ऑपरेशन झालंय, तोही पहिले काही आठवडे पिल्लं देऊ शकतो. त्या बॉक्सरचं कधी झालं तेवढं विचारून घ्या. पार्किंगमधली वीस मिनिटं त्याचीही असू शकतात.

रक्ताचा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट आला की कळवा. आणि बंगळुरूची तिकिटं काढली नसतील तर सहाव्या माळेपर्यंत थांबा. सोनोग्राफीत पिल्लं दिसली तर भाऊबीजेला कॉफी शेवटच्या पंधरवड्यात असेल, आणि त्या अवस्थेतल्या कुत्रीला कुठलंच बोर्डिंग घेणार नाही, तुम्हीही ठेवू नका. मग भाऊबीज नाशिकला. ताईंना म्हणावं, येताना जुनी फाईल घेऊन या, आणि जाताना एक पिल्लू.